अप्रत्यक्ष प्रकाश : संगणकीय चित्रणातील

स्रोतापासून थेट न येता इतर पृष्ठभागांवरून परावर्तित होऊन वस्तूवर पडणाऱ्या प्रकाशाची गणना करून चित्र तयार करण्याचे तंत्र. प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष प्रकाशाच्या एकत्रित गणनेला ‘ग्लोबल इल्युमिनेशन’ म्हणतात.

स्वरूप : वाराणसीचे घाट अशा प्रकाशाचे उत्तम उदाहरण आहेत. गंगेच्या पश्चिम तीरावरील हे घाट पूर्वाभिमुख असल्याने सकाळी पायऱ्यांवर थेट ऊन येते. दुपार कलली की सूर्य इमारतींमागे जातो. नागपूरकर भोसल्यांच्या भोसले घाटावरील उंच भिंतीखाली तेव्हा सावली असते, पण अंधार नसतो. आकाशाचा पसरट उजेड आणि नदी व पैलतीरीची वाळू यांवरून परतलेला प्रकाश तेथे पोहोचतो. चुनारच्या वालुकाश्मावरून परतताना त्यात दगडाची छटा मिसळते. लाटांवरून परावर्तित होऊन एकवटलेल्या किरणांची हलती जाळी नावांच्या कडांवर उमटते. तिला ‘कॉस्टिक’ म्हणतात. केवळ प्रत्यक्ष प्रकाश मोजला, तर अशी सावली काळीठिक्कर दिसते. तिच्यात सर्वत्र सारखा उजेड मिळवण्याच्या जुन्या उपायाने कोनाडा आणि उघडी पायरी यांतला फरकच पुसला जाई.

पद्धती : १९८४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात ‘रेडिओसिटी’ पद्धत मांडली गेली. तीत पृष्ठभागांचे तुकडे पाडून त्यांच्यातील प्रकाशाची देवघेव सोडवतात. चकचकीत पृष्ठभागांना ती अपुरी पडते. जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये ‘रेंडरिंग समीकरण’ व ‘पाथ ट्रेसिंग’ मांडले. एका बिंदूवर येणारा प्रकाश दुसऱ्या बिंदूवरून निघालेला असल्याने या समीकरणात अज्ञात राशी दोन्ही बाजूंना येते. म्हणून प्रकाशाचे असंख्य यादृच्छिक मार्ग तपासून सरासरी काढतात. मार्ग यादृच्छिक असल्याने चित्रात रवाळपणा येतो; तो निम्मा करायला चौपट मार्ग लागतात. कॉस्टिकसाठी हेन्रिक वान येन्सन यांचे ‘फोटॉन मॅपिंग’ उपयोगी ठरले. २०१८ पासून घरगुती ग्राफिक्स कार्डांतही किरणमागोव्याची (‘रे ट्रेसिंग’) खास यंत्रणा आली. मोजके मार्ग तपासून उरलेला रवाळपणा गाळल्याने खेळांतही हे तंत्र वापरता येते.

वारसावास्तू : लेसर स्कॅनने वास्तूची नोंद असंख्य बिंदूंच्या रूपात मिळते. अशा बिंदूरूप प्रतिमानांतील परस्परदृश्यता आणि प्रकाशाची देवघेव यांवर आयआयटी मुंबईत शरत चंद्रन व सहकाऱ्यांनी २००७ च्या सुमारास संशोधन केले. घाटांसारख्या वास्तूंचे विश्वासार्ह चित्रण करायचे, तर आकाराइतकेच दगडाचे परावर्तनही मोजावे लागते. छायाचित्रातून घेतलेल्या रंगात त्या वेळची ऊन-सावली आधीच असते. ती आधी वेगळी काढली नाही, तर तोच प्रकाश दोनदा मोजला जातो.