भीमाचे न उमटलेले रंग

दिवाळीचा बोनस हाती पडला, की पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या घराघरांत खर्चाचे जे अंदाजपत्रक मांडले जाते, त्यात मुलांच्या नावावर एक रक्कम हमखास राखून ठेवलेली असते. ती सिनेमाची. मोठ्या माणसांना कुठलाही चित्रपट चालतो. मुलांना मात्र अचाट शक्तीचा नायक लागतो. तो एका हाताने मोटार उचलतो, भिंतीतून आरपार जातो आणि दुष्टांचा समाचार घेऊन पुन्हा साधासुधा होऊन माणसांत मिसळतो. मुले त्याला ‘सुपरहिरो’ म्हणतात. असल्या चित्रपटांवर कोट्यवधी रुपये ओतलेले असतात आणि तरीही पुष्कळदा घरी येताना मुलांची तोंडे उतरलेली असतात. २०११ च्या दिवाळीत आलेला ‘रा.वन’ आठवा. खर्च अफाट, गाजावाजा त्याहून अफाट. पण पाहून आलेल्या अनेकांचा विरस झाला. त्याच चित्रपटाला पुढे त्यातल्या चमत्कृतिदृश्यांबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ही गोष्ट मात्र विरस झालेल्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात राहिली.

फसलेल्या भव्य कृतीचे मोल कसे करायचे, हा प्रश्न काही या पिढीने शोधून काढलेला नाही. महाराष्ट्रापुढे तो १९३३ सालीच उभा राहिला होता. चित्रपट होता ‘प्रभात’चा ‘सैरंध्री’, आणि त्यातला अचाट शक्तीचा नायक होता भीम.

भीम आपल्याला कुणी परदेशातून आणून दिलेला नाही. बकासुराकडे निघालेला अन्नाचा गाडा वाटेतच फस्त करणारा हा गडी प्रत्येक मराठी मूल आजीच्या मांडीवरच ओळखू लागते. त्याच्या साऱ्या पराक्रमांत मराठी मनाला विशेष चटका लावून गेला तो कीचकवध. अज्ञातवासातली द्रौपदी सैरंध्री नावाने विराटाच्या घरी राबते आहे. राजाचा मेहुणा कीचक तिच्या अब्रूवर उठला आहे. राजा पाहतो आणि गप्प बसतो. धर्मराज ‘थांब, वेळ यायची आहे’ म्हणतो. आणि स्वयंपाकघरातला बल्लव, म्हणजे आपला भीम, रात्रीच्या अंधारात नाट्यशाळेत जाऊन एकदाचा निकाल लावून टाकतो. आजच्या सुपरहिरोचे सारे सामान या कथेत आहे. वेषांतर आहे, दिवसाचे हलके काम आहे आणि रात्रीचा न्याय आहे.

या कथेचा अर्थ मराठी प्रेक्षकाने एकदा फार निराळा लावला होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. चिंचवडच्या चाफेकर बंधूंनी २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडली, त्याला तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. नाटकात कर्झनचे नाव कुठेच नव्हते. पण कीचक बोलू लागला, की प्रेक्षकाला लॉर्ड कर्झन दिसे. सैरंध्री म्हणजे हिंदुस्थान, ‘थांबा’ म्हणणारा धर्मराज म्हणजे मवाळ आणि दात-ओठ खाणारा भीम म्हणजे जहाल, हे कुणी समजावून सांगावे लागत नव्हते. सरकारलाही ते समजले आणि १९१० साली नाटकावर बंदी आली.

बंदीनंतर दहा वर्षांनी भीम पडद्यावर उतरला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तानीबाई कागलकर या गायिकेच्या पैशाच्या आधारावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली होती. त्यांच्याजवळ विलायती कॅमेरा नव्हता. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो कोल्हापुरातच खटपट करून घडवला. त्या घरच्या कॅमेऱ्याने टिपलेली ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात लागली. चित्रपट मुका होता. तरी त्यातला कीचकवध इतका हुबेहूब वठला होता, की सरकारी कात्रीने तो प्रसंगच कापून टाकला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले. ज्या प्रसंगाकरता सारी कथा, तोच प्रसंग काढून घेतला गेला, तरी चित्रपट लोकांच्या मनात राहिला, एवढा त्याचा कस होता.

शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर ही सारी बाबूरावांच्याच हाताखाली तयार झालेली मंडळी. १९२९ साली ती तिथून बाहेर पडली आणि सीतारामपंत कुलकर्णी यांना सोबत घेऊन त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ची स्थापना केली. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा त्यांचा पहिला बोलपट गाजला आणि त्यांच्या तुतारीचा आवाज महाराष्ट्राबाहेरही गेला. मग शिष्यांनी गुरूचाच विषय हाती घेतला. गुरूचा भीम मुका होता, आपला बोलेल. एवढेच नव्हे, तो रंगांत दिसेल! लीला, मास्टर विनायक अशी मंडळी, गोविंदराव टेंब्यांचे संगीत, मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्या, आणि सर्वांवर कडी म्हणजे रंग. हिंदुस्थानात अशी उडी त्यापूर्वी कुणी घेतली नव्हती.

ती उडी किती लांबची होती, हे नीट समजण्यासाठी त्या वेळचे जग पाहायला हवे. सिनेमाच्या रंगांच्या बहुतेक पद्धती त्या काळी दोनच रंगांवर चालत. एका बाजूला तांबूस-नारिंगी आणि दुसऱ्या बाजूला निळसर-हिरवा, आणि या दोहोंच्या मिश्रणातून निघेल तेवढेच इंद्रधनुष्य. आपल्या घरातल्या सणाचे रंग या हिशेबात कसे बसणार, ते पाहा. हळदीचा पिवळा धमक नाही, जांभळे नाही, मोरपंखाची खरी निळाई नाही. तीन रंगांची पूर्ण पद्धत १९३२ साली अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांच्या एका छोट्या व्यंगपटात प्रथम दिसली आणि तिच्यात सबंध कथापट निघायला १९३५ साल उजाडावे लागले. म्हणजे कोल्हापूरची ही मंडळी रंगांच्या मागे लागली, तेव्हा खुद्द हॉलिवूडलाही पुरते रंग सापडलेले नव्हते.

शिवाय रंग काढायची प्रयोगशाळा इथे नव्हतीच. कोल्हापुरात चित्रण करायचे आणि त्याचे रंगीत संस्कार करून घ्यायला जर्मनी गाठायची. शांताराम स्वतः चित्रपट घेऊन जर्मनीला गेले. घरी रंगवलेले चित्र आवडले नाही, तर चित्रकार त्याच संध्याकाळी पुन्हा कुंचला उचलतो. इथे चित्रण होते सातासमुद्रांच्या अलीकडे आणि रंग ठरणार पलीकडे. वेषभूषा, पडदे आणि प्रकाश यांचे सारे निर्णय होऊन गेल्यावर निकाल कळणार, आणि तोही बदलायची सोय उरलेली नसताना.

निकाल लागला तो निराशेचा. मनात धरलेले रंग पडद्यावर उतरलेच नाहीत. प्रेक्षकांनी या रंगांचे कौतुक केले नाही आणि चित्रपट अपेक्षेप्रमाणे चालला नाही. ‘प्रभात’च्या चढत्या कमानीत ‘सैरंध्री’ ही एक खालची पायरी ठरली. हिंदुस्थानातला पहिला रंगीत चित्रपट कोणता, असे विचारले, की आजही बहुतेक पुस्तके १९३७ च्या ‘किसान कन्या’चे नाव घेतात, कारण त्याचे रंगसंस्कार इथेच झाले होते. ‘सैरंध्री’ला तेवढा मानही धडपणे मिळाला नाही.

आता, प्रेक्षक चुकला का? मला तसे वाटत नाही. साहस हा मोठाच गुण आहे. पण तिकीट काढून आत बसलेल्या माणसाला साहस दिसत नाही, पडदा दिसतो. चार आणे देणाऱ्याने जर्मनीचा प्रवासखर्च डोळ्यांपुढे ठेवून टाळ्या वाजवायच्या, असा काही करार झालेला नसतो. त्यातून कीचकवधासारखा विषय! एका नाटकावरची बंदी आणि एका चित्रपटावरची कात्री अशा दोन आठवणी घेऊन लोक आले होते. त्यांना भीम हवा होता. त्यांच्यापुढे रंगांचा प्रयोग उभा राहिला. गुरूजवळ साधने तुटपुंजी होती, पण कॅमेऱ्याच्या स्क्रूपर्यंत सारे स्वतःच्या मुठीत होते. शिष्यांजवळ साधने कितीतरी अधिक होती, पण मुख्य चमत्काराची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला होती. दोन ‘सैरंध्रीं’मधला खरा फरक मला हा वाटतो. पैशाने भव्यता विकत आणता येते. हुकमत विकत मिळत नाही, ती मिळवावी लागते.

हे सांगताना आमच्या या कारखान्यांच्या मुलखात मला अवघड जात नाही. इथल्या शाळेत पुढच्या बाकावर बसलेल्या मुलाचा बाप पेंट शॉपमध्ये असतो. नवा रंग सबंध लॉटवर मारण्याआधी एका पत्र्यावर ट्रायल घ्यायची असते, हे त्या मुलाला घरीच ठाऊक झालेले असते. ज्या जर्मनीत शांताराम रंग शोधायला गेले, तिथल्या कंपन्यांच्या मोटारी आज चाकणला बनतात आणि इथेच रंगवल्या जातात. १९३३ साली पिंपरी आणि चिंचवड ही रेल्वेरस्त्यावरची साधी गावे होती. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली आणि मग एकामागून एक धुराडी उभी राहिली. परक्याच्या पेटीतली विद्या घरी आणायला किती वर्षे लागतात आणि किती लॉट रिजेक्ट व्हावे लागतात, हे या पट्ट्याइतके कुणाला कळणार?

म्हणूनच ‘सैरंध्री’च्या जमेच्या बाजूला काय होते, तेही याच पट्ट्याने नीट मोजून पाहावे. एक म्हणजे तिची गाणी. त्यांच्या तबकड्या जर्मनीतच तयार झाल्या, आणि बोलपटातली गाणी तबकडीवरून घरोघर जाण्याची ती सुरुवात मानली जाते. पडद्यावरचा रंग फिका पडला. पण गाणे चित्रपटगृहाबाहेर पडायला शिकले. दुसरी गोष्ट याहून मोठी. शांतारामांनी जर्मनीतले चित्रपटाचे काम जवळून पाहिले. १९३३ सालीच ‘प्रभात’ने आपले बिऱ्हाड कोल्हापूरहून पुण्याला हलवले, आणि पुढच्या वर्षी तिथे पहिला चित्रपट निघाला तो ‘अमृतमंथन’. त्यात रंग नव्हते. होता फक्त काळोख आणि उजेड. राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा पडदाभर पसरलेला एकच डोळा टेलिफोटो भिंगातून असा काही टिपला होता, की तो पाहिलेला माणूस त्याला विसरला नाही. जे सात रंगांकडून करून घ्यायचे होते, ते त्यांनी काळ्या-पांढऱ्याकडून करून घेतले.

आणि रंगांचे वेड सुटले, असेही नाही. बावीस वर्षे ते दबा धरून बसले. १९५५ साली याच शांतारामांचा ‘झनक झनक पायल बाजे’ टेक्निकलरमध्ये आला, तेव्हा लोक रंग पाहायलाच पुन्हा पुन्हा गेले. १९५९ साली त्यांनी ‘नवरंग’ काढला. त्या नावात ‘सैरंध्री’चा सूड होता की तिची कृतज्ञ आठवण, हे ज्याने त्याने ठरवावे. आणि पुण्यात ज्या जागी ‘प्रभात’ने नवे घर बांधले, तिथे १९६० पासून देशाला चित्रपटविद्या शिकवणारी संस्था उभी आहे. तिथे विद्यार्थी चित्रफिती बिघडवतात, पुन्हा करतात आणि शिकतात. चुकण्यासाठी राखून ठेवलेली एवढी नामी जागा महाराष्ट्रात दुसरी क्वचितच असेल.

आम्हां मास्तर लोकांना उत्तरपत्रिका तपासताना एक मोह होतो. उत्तर चुकले, की तांबड्या शाईची एक रेघ मारायची आणि पुढे जायचे. पण गणितात रीतीला गुण असतात. मुलाने अवघड वाट धरली, तीन पायऱ्या बरोबर केल्या आणि चौथीवर घसरला, तर त्याला पूर्ण गुण देणे लबाडी आणि शून्य देणे अन्याय. ‘सैरंध्री’ला मी पास करणार नाही. पण तिच्या उत्तरपत्रिकेवर शून्य लिहायला माझी लेखणी उचलत नाही.

तेव्हा यंदा बोनसच्या पैशांतून मुलांना एखादा अचाट नायक दाखवायला न्याल आणि तो चित्रपट पडेल निघाला, तर परतीच्या रिक्षात त्यांचे समाधान करण्यासाठी तो चांगला होता असे म्हणू नका. तो फसला, हे मोकळेपणी कबूल करा. मात्र त्यातले कोणते एक काम कुणीतरी जीव ओतून केले होते, तेवढे त्यांना विचारा. मुलांची नजर तीक्ष्ण असते; ती बरोबर सांगतील. आणि मग घरी आल्यावर फराळाचे ताट पुढे घेऊन त्यांना कोल्हापूरच्या त्या मंडळींची गोष्ट सांगा, ज्यांनी भीमाला रंगवायला निघून रंग गमावले आणि सिनेमा कमावला.