मातृभाषेच्या रकान्यात काय लिहू?

मागच्या वर्षी पुण्यात ऑफिसमधल्या एका मैत्रिणीचं लग्न होतं. आदल्या रात्री संगीत. पंजाबी गाणी झाली, 'झिंगाट' झालं आणि मग डीजेनं अचानक 'हाई झुमकावाली पोर' लावलं. अख्खा हॉल नाचायला लागला. त्यातल्या निम्म्या लोकांना 'हाई' म्हणजे 'ही' एवढंही माहीत नव्हतं. नाचता नाचता एकानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "तू जळगाव साइडचा ना? ही तुमची भाषा ना?"

मी म्हणालो, "हो, आमचीच."

घरी आल्यावर झोप लागेना. पुण्यात आल्यापासून दहा वर्षांत हा प्रश्न मला कितीतरी वेळा विचारला गेला होता आणि दर वेळी मी "नाही, म्हणजे आजी वगैरे बोलते" असं म्हणून विषय बदलला होता. एका रीलच्या गाण्यानं माझं उत्तर बदललं. मला याचा आनंद व्हायला हवा होता. झाली ती लाजच.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. घरात आजी, आई-वडील, मोठा भाऊ आणि मी. सगळे आपापसांत अहिराणी बोलायचे, फक्त माझ्याशी मराठी. यामागे एक छोटी गोष्ट आहे. भाऊ पाचवीत तालुक्याच्या शाळेत गेला. पहिल्याच आठवड्यात वर्गात उभा राहून म्हणाला, "सर, माले पानी पेवाले जानं शे." वर्ग हसला. सरांनी त्याला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, मग आणखी एकदा. घरी येऊन तो जेवला नाही. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. आईनं त्या दिवशी ठरवलं की धाकट्याच्या कानावर 'शे' पडू द्यायचं नाही, 'आहे'च पडलं पाहिजे.

मग ती माझ्याशी पाठ्यपुस्तकासारखं बोलायला लागली. "तुला भूक लागली आहे का? हात धुऊन घे." पण संध्याकाळी उशिरा घरी आलो की पुस्तक गळून पडायचं. "कथा गयथा रे?" राग आणि काळजी तिला मराठीत जमायची नाही.

ही काही फक्त आमच्या घरची गोष्ट नाही. अहिराणीच्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात असंच घडत आलंय. बाहेरचे लोक या भाषेला नाव देतात, खूण लावतात, कधी तिच्यावर नाचतातही. घरातले लोक ती लपवतात.

आधी एक गैरसमज दूर करू. खान्देश म्हणजे अहिराणी असं पुण्या-मुंबईत धरून चालतात. इंग्रजांनी १९०६ मध्ये खान्देश जिल्ह्याचे दोन भाग केले. पूर्व खान्देशचं मुख्य ठिकाण जळगाव, पश्चिमेचं धुळे. आजचे जळगाव आणि धुळे जिल्हे त्यातूनच आले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. अहिराणीचा जोर पश्चिमेला आहे : धुळे, साक्री, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव आणि सीमेपलीकडे मालेगाव-सटाणा. जळगावच्या पूर्वेला यावल, रावेर, भुसावळकडे गेलात की लेवा बोली लागते. नंदुरबारच्या डोंगरात भिली आणि पावरी. माझा यावलचा मित्र दर वेळी चिडून सांगतो, "मी अहिराणी नाही बोलत, लेवा बोलतो." त्याचं बरोबर आहे.

म्हणूनच बहिणाबाई चौधरींना सरसकट 'अहिराणी कवयित्री' म्हणणं चूक आहे. त्या जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांच्या ओव्यांची भाषा लेवा बोलीची. शाळेची पायरी न चढलेली ही बाई शेतात काम करता करता आणि जात्यावर बसून गाणी रचायची. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती लिहून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. आयुष्यभर ज्या बोलीला 'अडाणी' म्हणतात त्या बोलीत बोललेली बाई गेल्यानंतर अभ्यासक्रमात आली. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव मिळालं.

त्याच १९५२ साली अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष कृ. पां. कुलकर्णी, मराठी भाषेच्या उगमावर आणि विकासावर लिहिणारे भाषेचे अभ्यासक. संमेलन पुन्हा अमळनेरला यायला २०२४ उजाडलं. फेब्रुवारीत ९७वं संमेलन भरलं, डॉ. रवींद्र शोभणे अध्यक्ष होते. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज आले आणि त्यातल्या एका काकांनी खाली लिहिलं, "भलतंच भारी व्हयनं." मराठीच्या अभिमानाचा मेसेज अहिराणीत. आमच्याकडे हे असंच चालतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

पण अहिराणी मराठीच आहे का? हा वाद जुना आहे. जॉर्ज ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात खान्देशी मराठीच्या खंडात ठेवलेली नाही. १९०७ मध्ये आलेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिली बोलींबरोबर तिला जागा दिली आणि तिचं नातं गुजरातीकडे दाखवलं. मराठीतल्या अनेक अभ्यासकांना ते पटलं नाही. त्यांच्या मते ती मराठीची बोली. दोन्ही बाजूंना आधार सापडतो. मराठीत 'भावाचा', अहिराणीत 'भाऊना', हे गुजरातीच्या जवळ. पण 'मला'च्या जागी येणारं 'माले' वऱ्हाडातही ऐकू येतं. 'ळ'चा 'य' होतो, शाळेची 'शाया' आणि डोळ्याचा 'डोया', हे तर लेवा बोलीतही आहे. बठ्ठा म्हणजे सगळा, आंडोर म्हणजे मुलगा, आठे म्हणजे इथे. डॉ. रमेश सूर्यवंशी यांच्यासारख्या अभ्यासकांनी व्याकरणावर काम केलं, शब्दकोश केला. पण ती पुस्तकं आमच्या तालुक्याच्या शाळेपर्यंत कधी पोचली नाहीत.

पोचली ती गाणी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. झाडाला झोके बांधले जातात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो आणि बायका झोक्यावर बसून सासरच्या तक्रारी गात असतात. श्रावणात कानबाई बसते, तेव्हा रात्रभर गाणी. माझी आजी अक्षरओळख नसलेली होती, पण तिला ही गाणी तासन्‌तास पुरायची. माझ्यासाठी घरात अहिराणी बंद झाली होती, तरी आखाजीच्या आठवड्यात हा नियम कुणी पाळत नसे. मला जी काही अहिराणी येते ती त्या झोक्यांखाली बसून आलेली.

पडद्यावर मात्र खान्देशचं नाव आधी हिंदीतून गाजलं. मालेगाव नाशिक जिल्ह्यात, पण धुळ्यापासून जवळ. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० मध्ये 'मालेगाव के शोले' केला. यंत्रमागाच्या गावातले लोक, हाताशी असलेली साधनं आणि घरचाच विनोद. पुढे सीडीच्या दुकानांत 'खान्देश का' असं काहीतरी नाव असलेले विनोदी सिनेमे येत राहिले, मग तेच यूट्यूबवर गेले आणि छोटू दादा भारतभर पोचला. 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही डॉक्युमेंटरी आणि २०२५ मध्ये थिएटरात आलेला 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' यामुळे ही गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे. पण त्या सिनेमांची भाषा मालेगावची हिंदी-उर्दू आहे. खान्देश नावात होतं, अहिराणी नव्हती. बाजार हिंदीचा होता, त्यात चूक काही नाही.

अहिराणीचा नंबर लागला तो स्वस्त डेटा आल्यावर. सचिन कुमावत यांचं 'बबल्या इकस केसावर फुगे' ऐकलं नाही असा माणूस आमच्याकडे सापडणार नाही. बाहेरच्यांना ते निरर्थक वाटतं. आम्हाला नाही. विंचरताना गळालेले केस बायका गुंडाळून ठेवतात, गल्लीत फेरीवाला येतो, केस घेतो आणि पोरांना फुगे देतो. 'इकस' म्हणजे 'विकतो'. त्या एका शब्दात सुरुवातीचा 'व' गळतो आणि शेवटी अहिराणीचा 'स' येतो. आमच्या व्याकरणाचा अर्धा धडा त्या गाण्याच्या नावात आहे.

मग गाण्यांची रांगच लागली. आमच्याकडच्या पोरांनी गावातच, केळीच्या बागेत, नदीकाठी, शूटिंग केलं. कोट्यवधी लोकांनी ती पाहिली. ज्या भाषेसाठी माझ्या भावाला वर्गात तीन वेळा उभं केलं, त्याच भाषेवर आता पुण्याचं संगीत नाचतं. हे छोटं नाही. माझी भाची तिसरीत आहे आणि ती शाळेच्या गॅदरिंगमध्ये अहिराणी गाण्यावर नाचली. शिक्षक टाळ्या वाजवत होते.

तरी माझी एक तक्रार आहे. ही गाणी नव्वद टक्के पोरगी पटवण्याची किंवा लग्नाची आहेत. विनोद असला तर बायकोवर. पिकावर कोणती फवारणी करायची, हे अहिराणीत सांगणारं फारसं कुणी नाही. डॉक्टरकडे गेलं की आजी अर्ध्या मराठीत दुखणं सांगायची आणि निम्मं राहून जायचं. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा म्हणतं. माझी भाची त्याच गाण्यावर नाचून वर्गात परत गेली आणि तिथे 'शे' म्हणाली तर आजही तिला दुरुस्त करतात. नाचायला चालते ती भाषा बोलायला चालत नाही, असा हा मान आहे.

आणि आता आकडे. २००१च्या जनगणनेत खान्देशी ही मातृभाषा सांगणारे सुमारे २० लाख ७५ हजार होते. २०११ मध्ये ते सुमारे १८ लाख ६० हजारांवर आले, त्यात अहिराणी अशी नोंद सोळा लाखांच्या वर. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून २०११ मध्ये लोकसंख्या होती सुमारे ७९ लाख. सगळेच अहिराणी नाहीत हे वर सांगितलंच. पण दहा वर्षांत लोकसंख्या वाढली आणि बोलणारे दोन लाखांनी घटले, हे कसं? माणसं मेली नाहीत. त्यांनी उत्तर बदललं.

मला हे माहीत आहे, कारण मी तिथे होतो. फेब्रुवारी २०११. मी बारा वर्षांचा. जनगणनेला आलेले गुरुजी शेजारच्या गावचे. ओट्यावर बसून त्यांनी फॉर्म काढला.

"वहिनी, घरमा कितला जन शेतस?"

"पाच."

सगळे प्रश्न अहिराणीत, सगळी उत्तरं अहिराणीत. मग गुरुजी म्हणाले, "मातृभाषा काय लिखू?"

आई म्हणाली, "मराठीच लिखा ना भाऊ."

गुरुजींनी मान हलवली आणि लिहिलं. पाच जणांसाठी पाच वेळा. आजी आत चुलीपाशी होती. आयुष्यभर तिनं मराठीत एक पूर्ण वाक्य बोललं नसेल. कागदावर ती मराठीभाषक झाली. २०१८ मध्ये ती गेली.

पुढची जनगणना आता येते आहे. १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिवस. या वेळी मोबाइलवर स्वतःची माहिती स्वतः भरता येणार आहे. त्यामुळे ओट्यावरच्या गुरुजींसमोर लाजायचं कारण उरत नाही. म्हणून मी मातृभाषेची व्याख्या शोधली. जनगणनेच्या सूचना सांगतात : लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलली, ती. आई लहानपणीच गेली असेल तर घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा.

व्याख्या वाचून मी गप्प झालो. तिच्यानुसार माझी मातृभाषा मराठी आहे. आईनं ठरवून तसं केलं. तिचा बेत तंतोतंत यशस्वी झाला.

परवा फोनवर तिला हे सगळं सांगितलं. भावाचं, गुरुजींचं, संगीतातल्या गाण्याचं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुला त्रास होऊ नये म्हणून केलं रे." हे मराठीत. मी म्हणालो, मला माहीत आहे. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

"मग या वेळी तुझी काय लिहू?" मी विचारलं.

"मनी अहिरानीच लिखजो," ती म्हणाली. "तुनी तूच दख."

मी दखतोय. पहिली दोन वर्षं तिनं मला अहिराणीतच झोपवलं असणार, पण ते मला आठवत नाही. आठवतं ते "कथा गयथा रे?" उशीर झाला की दारात उभी राहून, घाबरून, ती माझ्याशी जी भाषा बोलली ती कुणी ठरवून बोलत नाही. व्याख्येत 'आई तुमच्याशी बोलली ती' एवढंच म्हटलंय. कोणत्या वेळी, ते लिहिलेलं नाही. तेवढ्या जागेत माझी अहिराणी बसते, असं मला वाटतं.