कॅप्टन दीप : हेरकथा आणि वाचकांचा कौल

मराठी हेरकथेचा विषय निघाला की गुरुनाथ नाईक यांचे नाव अपरिहार्यपणे येते. मूळचे गोव्याचे असलेल्या नाईक यांनी सुमारे १२०० रहस्यकथा लिहिल्या. गोलंदाज, शिलेदार, गरुड या नायकांच्या जोडीला त्यांनी कॅप्टन दीप हा लष्करी नायक उभा केला.

अशा दीर्घ मालिकांबाबत वाचकांत दोन तट पडतात. एकांना ओळखीचा नायक पुन्हा भेटल्याचे समाधान असते. दुसऱ्यांना तोचतोपणा खटकतो. नायक अखेरीस वाचणार, हे दोघांनाही ठाऊक असते. त्यामुळे कस लागतो तो सुटकेच्या युक्तीचा. ती आधी पेरलेल्या धाग्यांतून उलगडली तर वाचक दाद देतो. निव्वळ योगायोगाने साधली तर त्याला फसवणूक वाटते.

झुंजार आणि काळा पहाड यांच्या कथांतून बाबूराव अर्नाळकरांनी या वाचनाची गोडी आधीच लावली होती. समीक्षकांनी रहस्यकथेला साहित्याच्या पंक्तीत क्वचितच स्थान दिले. वाचनालयांतील हाताळून जीर्ण झालेल्या प्रतींनी मात्र निराळीच साक्ष दिली. नाईक यांचे २०२१ मध्ये निधन झाले.