जाम झालेलं ऑइल सील घरी कसं काढायचं?

बाईकच्या पुढच्या शॉकअपच्या पाइपवर तेलाचा ओघळ दिसायला लागला की बहुतेक वेळा ऑइल सील गेलेलं असतं. हे काम पुढे ढकलू नका. तेच तेल खाली ब्रेक डिस्कवर आलं तर ऐन वेळी ब्रेक लागत नाही.

शॉकअप उघडून पाइप बाहेर काढण्याचे बरेच व्हिडिओ मिळतात, त्यामुळे ते इथे सांगत नाही. त्यानंतर खालच्या ॲल्युमिनियमच्या नळीत सील गच्च बसून राहतं, तिथे खरी गडबड होते.

सील इतकं घट्ट का बसतं?

सीलच्या आत लोखंडी पत्र्याची रिंग असते, तिच्यावर रबर आणि आतल्या ओठाभोवती बारीक स्प्रिंग. सील बाहेरून त्याच्या जागेपेक्षा किंचित मोठंच बनवतात, म्हणजे ते दाबून बसतं. पुढे पाणी, चिखल शिरतो, पत्रा गंजतो, रबर कडक होतं आणि सील चिकटतं.

सील कितीही वेडंवाकडं झालं तरी चालेल, ते फेकायचंच आहे. पण ॲल्युमिनियमच्या आतल्या भिंतीवर उभा ओरखडा पडला तर नवं सीलसुद्धा बाहेरच्या बाजूने गळतं. म्हणून सगळा जोर सीलवर द्यायचा, नळीवर नाही.

आधी लॉक बघा

माझ्या मते ‘सील निघतच नाही’ या तक्रारीचं सर्वात मोठं कारण हेच. वरचं डस्ट सील काढलं की खाली खाचेत तारेचं लॉक असतं. ते चिखलाखाली आणि गंजाखाली इतकं लपतं की दिसतच नाही. ते तसंच ठेवून जोर लावला तर खाच तुटते. मोबाइलचा टॉर्च लावून, कॅमेरा झूम करून गोल फिरवत बघा. लॉक गंजलं असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, मग टोकदार हत्याराने एका टोकाकडून उचला. ते उडतं, त्यामुळे डोळ्यांवर चष्मा हवाच.

जुन्या सीलचा फोटोही आत्ताच काढून ठेवा. त्यावर तीन आकडे असतात, उदाहरणार्थ २५-४०-७. म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. दुकानदाराला तेवढं पुरतं.

उकळतं पाणी

ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ४० मिमीची जागा ६० अंशांनी तापली तर साधारण ०.०५ मिमी मोठी होते. ऐकायला काहीच नाही, पण बऱ्याचदा तेवढ्यात पकड ढिली होते. नळीभोवती बाहेरून चिंधी गुंडाळा, तिच्यावर उकळतं पाणी ओता आणि सील तापायच्या आत लगेच जोर लावा. हात सांभाळा. गॅसची शेगडी किंवा ब्लोटॉर्च अजिबात नको. आजूबाजूला तेल-पेट्रोल असतं, आणि व्हिटॉन रबराचं सील जळलं तर फ्लोरिनचं घातक आम्ल तयार होतं.

उचकटताना

सील काढायचा हुक मिळाला तर उत्तम, नाहीतर जाड, बोथट टोकाचा स्क्रू ड्रायव्हर घ्या. नळीच्या काठावर लाकडाचा तुकडा ठेवून त्यावर तो टेकवा. टोक सीलच्या ओठाखाली जाऊ द्या, पण समोरच्या भिंतीला घासू देऊ नका. एकाच जागी ताकद लावू नका. थोडं उचला, नळी फिरवा, पुन्हा उचला.

शाफ्ट आत असेल तर

पुढच्या स्प्रॉकेटमागच्या सीलमधून शाफ्ट बाहेर आलेला असतो, तिथे उचकटायला जागाच नसते. अशा वेळी सीलच्या चेहऱ्यावर समोरासमोर २ मिमीची दोन छिद्रं पाडा, त्यात सेल्फ टॅपिंग स्क्रू दोन-तीन आटे बसवा आणि पक्कडीने आळीपाळीने ओढा. ड्रिल बिटला ग्रीस लावा म्हणजे कीस त्यालाच चिकटतो. बिटच्या टोकापासून ३ मिमीवर टेप गुंडाळा, कारण मागे बेअरिंग असतं. पत्रा भेदल्याचं हाताला जाणवलं की लगेच थांबायचं.

नवं बसवण्याआधी

आतून नख फिरवून बघा. खरखर लागली तर बारीक पॉलिश पेपर तेलात बुडवून गोलाकार फिरवा, वर-खाली नाही. नंतर स्वच्छ पुसा. नव्या सीलच्या ओठाला तेल लावा. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे आत. शॉकअपचं जुनं सील फेकू नका. नव्यावर तेच ठेवून चहूबाजूंनी हलके ठोके द्या, म्हणजे नवं सरळ आत जातं. मग जुनं उचलून घ्या. लॉकची खाच सगळीकडून मोकळी दिसली की सील पूर्ण बसलं, आता लॉक टाका.