बायपास : नळी समजलेल्या रक्तवाहिनीची गोष्ट

१/ ६ मे १९५३, फिलाडेल्फिया. डॉ. जॉन गिबन यांनी एका १८ वर्षांच्या तरुणीच्या हृदयातील छिद्र बुजवले. त्या वेळी २६ मिनिटे तिच्या हृदयाचे आणि फुफ्फुसांचे काम एक यंत्र करत होते. या यंत्राच्या आधारे हृदयशस्त्रक्रिया यशस्वी होण्याची ही पहिलीच वेळ.

२/ १९६७ मध्ये क्लीव्हलँड येथे अर्जेंटिनाचे डॉ. रेने फावालोरो यांनी पायातील शीर वापरून हृदयधमनीतील अडथळ्याला वळसा घातला. तेव्हा शल्यविशारदांच्या दृष्टीने रक्तवाहिनी ही जणू नळीच होती : तुंबली तर दुसरी जोडायची.

३/ मात्र टाके निर्दोष असूनही काही रुग्णांना ताप येई, अंगावर सूज चढे, फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे मंदावत. १९८१ मध्ये डॉ. जॉन कर्कलिन आणि सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचे कारण दाखवले. यंत्राच्या परक्या पृष्ठभागाला स्पर्श होताच रक्तातील संरक्षक प्रथिने जागी होतात. जणू शत्रूच शिरला आहे, अशा समजुतीने सर्व शरीरात दाह पसरतो.

४/ याच सुमारास, १९८० मध्ये, रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीवर प्रयोग करत होते. आतले नाजूक अस्तर, म्हणजे एंडोथेलियम, शाबूत असेल तरच औषधाने धमनी सैलावे; ते खरवडले गेले की आवळे. अस्तरातून स्रवणारा तो संदेशवाहक नायट्रिक ऑक्साइड वायू निघाला. या शोधमालिकेला १९९८ चे नोबेल मिळाले.

५/ आता दोन्ही धागे जुळले. दाहाचा पहिला घाव याच अस्तरावर बसतो. मग रक्तवाहिन्या पाझरतात. कुठे आवळतात, कुठे इतक्या सैलावतात की रक्तदाब कोसळतो. पायातून काढलेल्या शिरेचे अस्तर हाताळणीत दुखावते. छातीच्या आतील धमनीचे अस्तर अधिक सक्षम असते आणि तिचा वापर झालेले रुग्ण अधिक जगतात, हे १९८६ च्या क्लीव्हलँडच्या अभ्यासात दिसले होते.

६/ मग यंत्रच टाळले तर? धडधडत्या हृदयावरच शस्त्रक्रिया करण्याचा मार्ग लेनिनग्राडच्या वसिली कोलेसोव्ह यांनी १९६४ मध्येच चोखाळला होता. परंतु २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत यंत्राविना केलेली बायपास सरस ठरली नाही. छेद, रक्तस्राव आणि पुन्हा सुरू झालेला रक्तप्रवाह यांनीही दाह उठतोच.

७/ म्हणून आज शीर काढताना तिला कमीत कमी ताण दिला जातो, यंत्राच्या नळ्यांना आतून रक्ताशी जुळणारा लेप असतो. गिबन यांचे यंत्र टिकले. बदलली ती रक्तवाहिनीकडे पाहण्याची दृष्टी.