पाच डॉलरची शिकवणी

नवा कॅमेरा घेतला की पंधरा दिवसांत एक प्रश्न हमखास येतो. "फोटोग्राफीचं वर्कशॉप लावावं का रे? पैसे वसूल होतात का?" आमच्या ऑफिसात तर बोनसचा महिना संपला की कॅन्टीनमध्ये हा विषय ठरलेला. एक पार्टी म्हणते, मॅन्युअल वाच, यूट्यूबवर सगळं फुकट पडलंय, कशाला पैसे घालवतोस? दुसरी म्हणते, इतके पैसे कॅमेऱ्यात घातलेस, आता थोडे शिकण्यात घाल की. दोन्ही पार्ट्या आपापल्या जागी बरोबर वाटतात आणि तेवढ्यात चहा संपतो.

मला एक सवय आहे. एखादा वाद मिटतच नसला की तो पहिल्यांदा कधी सुरू झाला ते शोधायचं. बग शोधताना आपण जुनी व्हर्जन्स एकेक करून मागे तपासत जातो ना, तसंच. आणि गंमत म्हणजे हा प्रश्न जवळजवळ कॅमेऱ्याइतकाच जुना निघाला.

१९ ऑगस्ट १८३९, पॅरिस. लुई डागेरची फोटो काढायची पद्धत त्या दिवशी विज्ञान अकादमी आणि ललित कला अकादमीच्या संयुक्त बैठकीत जाहीर झाली. फ्रेंच सरकारने डागेरला वर्षाला ६,००० फ्रँक आणि त्याच्या दिवंगत भागीदाराच्या, म्हणजे न्येप्सच्या मुलाला ४,००० फ्रँक पेन्शन बांधून दिली आणि ती पद्धत जगाला मोकळी केली. आजच्या भाषेत ओपन सोर्स! (इंग्लंडमध्ये मात्र डागेरने त्याच महिन्यात पेटंट घेऊन ठेवलं होतं. ते असो.) डॉक्युमेंटेशनही तयार होतं. डागेरची आकृत्यांसकट छापलेली पुस्तिका हातोहात खपली, भराभर भाषांतरं झाली. कॅमेराही बाजारात आला, किंमत ४०० फ्रँक.

म्हणजे कोड मोकळा, मॅन्युअल हातात, हार्डवेअर दुकानात. तरी लोकांना जमेना. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आरशासारखा घासायचा, आयोडिनच्या वाफेवर धरायचा, कॅमेऱ्यात काही मिनिटं ठेवायचा आणि मग गरम पाऱ्याच्या वाफेवर चित्र उमटवायचं. पुस्तिकेत सगळं लिहिलं होतं, पण 'पत्र्याला पिवळा रंग आला की थांबा' यातला पिवळा म्हणजे नक्की कुठला पिवळा, हे कागद कसा सांगणार? शेवटी त्याच सप्टेंबरात डागेरला स्वतः उभं राहून लोकांपुढे प्रात्यक्षिकं करावी लागली. म्हणजे कॅमेरा बाजारात आल्यावर महिनाभरातच वर्कशॉपची गरज पडली होती.

लगोलग यात पैसाही आला. सॅम्युअल मोर्स, आपला तो तारायंत्रवाला, त्या काळात तारायंत्रासाठी पैसे मिळत नसल्यामुळे ओढगस्तीत होता. १८४० च्या सुमारास त्याने न्यूयॉर्कमध्ये फी घेऊन लोकांना डागेरोटाइप शिकवायला सुरुवात केली. त्याच्या विद्यार्थ्यांपैकी अल्बर्ट साउथवर्थने पुढे हॉजबरोबर बोस्टनमध्ये जो स्टुडिओ चालवला, तो त्या काळातल्या सर्वोत्तम स्टुडिओंमध्ये गणला जातो. साउथवर्थची फी वसूल झाली म्हणायची.

आता जरा आपल्याकडे येऊ. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे डॉक्टर तर होतेच, शिवाय फोटोग्राफर म्हणूनही नाव कमावलेले होते आणि या सोसायटीत वावरत होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतल्या पहिल्या भारतीय व्यावसायिक फोटोग्राफरांपैकी एक झाले.

यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. १८५५ मध्ये मुंबईतल्या मध्यम परिस्थितीच्या तरुणाने विलायती लेन्स, रसायनं आणि काळोखी खोली आणायची कुठून? वर्गामुळे त्याला माहिती मिळालीच, पण एरवी बंद असलेलं एक दारही उघडलं. फी (कुणीही भरलेली असो) ही अनेकदा आत शिरण्याची असते.

आता या गोष्टीतलं माझं सगळ्यात आवडतं पात्र. १८७७, रॉचेस्टर, न्यूयॉर्क राज्य. जॉर्ज ईस्टमन नावाचा तेवीस वर्षांचा बँकेतला कारकून. लहानपणीच वडील गेलेले, चौदाव्या वर्षी शाळा सुटलेली, पै-पैचा हिशोब वहीत लिहिणारा. सुट्टीत सांतो दोमिंगोला जायचा बेत ठरला. कुणीतरी म्हणालं, कॅमेरा ने. साहेबांनी घेतला. त्या काळचा 'कॅमेरा घेणं' म्हणजे मोठं खोकं, जड तिवई, काचा, रसायनांच्या बाटल्या, पाण्याचं भांडं आणि वर एक तंबू! कारण काचेवर कलोडियन ओतून, चांदीच्या द्रावणात बुडवून, ती ओली असतानाच फोटो काढायचा आणि वाळायच्या आत तिथल्या तिथे धुवायचा.

हे सगळं सामान घरी आल्यावर ईस्टमनने तेच केलं जे आपण आज करतो. गावातल्या एका फोटोग्राफरला पाच डॉलर दिले आणि शिकवणी लावली.

होय, पुढे कोडॅक काढणाऱ्या माणसानेही नवा कॅमेरा घेतल्यावर पैसे देऊन वर्कशॉपच केलं होतं! सांतो दोमिंगोची सहल काही झाली नाही, पण नाद लागला. यापुढचं शिक्षण मात्र फुकटातलं. ब्रिटिश मासिकांत कोरड्या काचांचे फॉर्म्युले छापून येत, ते वाचायचे आणि बँकेतून आल्यावर रात्री आईच्या स्वयंपाकघरात रसायनं उकळत बसायचं. १८८१ मध्ये त्याने बँकेची नोकरी सोडली. १८८८ मध्ये पहिला कोडॅक बाजारात आला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंची फिल्म. संपली की कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा, १० डॉलरमध्ये फोटो धुऊन आणि नवी फिल्म भरून परत. जाहिरातीचा आशय असा, की तुम्ही फक्त बटण दाबा, उरलेलं आमच्यावर सोडा. १९०० मध्ये तर एक डॉलरचा ब्राउनी आला.

थोडक्यात काय, ज्या शिकवणीला स्वतः पाच डॉलर मोजले, त्या शिकवणीची गरजच त्याने संपवून टाकली.

संपली का पण? इथेच तर मजा आहे. बटण दाबणाऱ्या लाखो लोकांचे फोटो येऊ लागले तेव्हा कोडॅकलाच 'हाऊ टू मेक गुड पिक्चर्स' नावाचं पुस्तक काढावं लागलं. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. १९१३ पासून 'कोडॅकरी' नावाचं मासिकही निघालं. रसायनं गेली, पण फोटो वाईट येणं काही थांबलं नव्हतं. आता अडचण हाताची नव्हती, डोळ्यांची होती.

आणि डोळ्यांसाठी वेगळ्या जातीचे वर्ग निघाले. न्यूयॉर्कला क्लॅरेन्स व्हाइट नावाचा फोटोग्राफर कोलंबिया विद्यापीठात शिकवायचा, १९१४ मध्ये त्याने स्वतःची शाळाही काढली. डोरोथिया लँग त्याच्या वर्गात होती. १९३६ चा स्थलांतरित मजूर आईचा तो जगप्रसिद्ध फोटो तिचाच. म्हातारपणी तिने सांगितलेल्या आठवणींत व्हाइटबद्दल फार प्रेमाने बोललीय. तो दिलेला गृहपाठ ती करायची नाही आणि त्यालाही त्याचं फारसं काही वाटायचं नाही. तो हुकूम सोडायचा नाही, मुलांनी काढलेले फोटो बघायचा आणि हळूच काहीतरी बोलायचा. मार्गारेट बर्क-व्हाइटही त्याच्याच हाताखाली शिकली. तिच्याकडचा कॅमेरा आईने घेऊन दिलेला, वीस डॉलरचा, सेकंडहँड, लेन्सला तडा गेलेला!

उलट बाजूचं उदाहरण आपल्या होमाई व्यारावाला. त्यांना फोटोग्राफी शिकवली ती माणेकशा व्यारावालांनी, ज्यांच्याशी पुढे त्यांचं लग्न झालं. फीचा प्रश्नच नव्हता, पण काढलेला फोटो बघून बोलणारं माणूस तिथेही होतंच.

तर माझा निष्कर्ष असा. प्रत्येक पिढीत कॅमेरा सोपा होत गेला आणि शिकवण्यासारखं जे होतं त्यातला एकेक थर गळत गेला. आधी वाफा आणि पारा गेला, मग ओल्या काचा, मग काळोखी खोली. डिजिटल आल्यावर फिल्मचा खर्चही गेला. ३६ फोटोंचा रोल जपून वापरणाऱ्यांना यातलं सुख विचारा. आता फोटो तिथल्या तिथे दिसतो, शटर स्पीड न् ॲपर्चर फाइलमध्येच नोंदलेलं असतं. म्हणजे बटणं, मेनू, एक्स्पोजरचं गणित हे शिकायला माणूस लागत नाही. न गळलेला एकच थर आहे. तुमचा फोटो बघून, तुम्हाला न दिसलेली गोष्ट सांगणारा दुसरा डोळा. आपल्या धंद्यात याला कोड रिव्ह्यू म्हणतात. भाषा पुस्तकातून येते, पण आपण लिहिलेल्या कोडमधली खोड दुसऱ्यालाच दिसते.

मी स्वतः दोन्ही प्रकार बघितलेत. एक वर्ग एसी हॉलमध्ये, चाळीस जण, दिवसभर स्लाइड्स. माझा कॅमेरा बॅगेतून निघालाच नाही, संध्याकाळी लेन्सच्या डिस्काउंटची कूपनं तेवढी मिळाली. दुसरा वर्ग एका निवृत्त प्रेस फोटोग्राफरच्या घरी, सहा जण, प्रत्येकाने आपले दहा प्रिंट आणायचे. त्यांनी माझे दहा प्रिंट जमिनीवर मांडले आणि विचारलं, "तू सगळीकडे उभ्यानेच फोटो काढतोस का रे?" बस्स. ते वाक्य कुठल्याही मॅन्युअलमध्ये नव्हतं, कारण ते फक्त माझ्याबद्दल होतं.

हे सगळं यंदा खणून काढायला कारणही तसंच झालं. माझी मावसबहीण हिंजवडीत नोकरीला आहे. पहिल्या बोनसमध्ये कॅमेरा घेतला. तिच्या वडिलांचा, म्हणजे काकांचा, सांगलीत खिळ्यांचा छापखाना. ट्रेडल मशीन विकायचं ठरलं होतं, भंगारवाला दिवाळीनंतर येणार होता. तिला त्याआधी फोटो काढायचे होते. फोनवर म्हणाली, "दादा, दोन दिवसांचं वर्कशॉप आहे. कॅमेऱ्याच्या चौथा हिस्सा फी. लावू का? हे फोटो पुन्हा मिळणार नाहीत."

मी तिला विचारलं, तिथे किती जण असणार? तीस. शिकवणार किती तास? दोन दिवसांचे मिळून दहा. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जास्तीत जास्त वीस मिनिटं, तीही मास्तरांनी बाकी काहीच शिकवलं नाही तर. तुझे फोटो बघणार आहेत का? तसं लिहिलेलं नाही. मग म्हटलं, आधी दोन रविवार छापखान्यात जा. एका खिडकीच्या उजेडात फिरतं चाक टिपायचं तर शटर किती ठेवायचं हे तुझं तुलाच पन्नास फोटोंत कळेल. मग जे जमेल ते घेऊन एखाद्या जाणत्या माणसाकडे जा आणि त्याच्या दोन तासांचे पैसे दे.

तिने तसंच केलं. पुण्यातल्या एका फोटोग्राफरने वर्कशॉपच्या निम्म्या पैशांत तिचे सगळे फोटो बघितले. एक्स्पोजर ठीक होतं म्हणाले, मशीनही छान आलंय. "पण माणूस कुठाय?" तीनशे फोटोंत चाक, रूळ, खिळ्यांच्या केसेस, शाईचे डबे सगळं होतं. तीस वर्षं खिळे जुळवणारे कंपोझिटर मामा एकाही फोटोत नव्हते. लहानपणापासून ज्यांच्या मांडीवर खेळली, त्यांच्याकडे कॅमेरा रोखायला ती लाजत होती आणि हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. एक रविवार उरला होता. त्या रविवारी तिने फक्त मामांचे फोटो काढले.

तेव्हा कुणी विचारलं तर मी आता तीन गोष्टी विचारतो. तुझे स्वतःचे फोटो कुणी बघणार आहे का? तुझ्या वाट्याला किती मिनिटं येतात? आणि एरवी तुला मिळणार नाही असं काही, स्टुडिओतले लाइट म्हणा किंवा जंगलातली परवानगी म्हणा, तिथे मिळतंय का? यातल्या एकाचंही उत्तर धड आलं तर जरूर जा, पण कॅमेरा घेतल्या घेतल्या नको. महिनाभर फोटो काढ, रिव्ह्यूला काहीतरी कोड तर हवा. तिन्हींची उत्तरं नकारार्थी असतील तर त्या पैशात सांगलीचं तिकीट काढ.