दुरुस्त न होणारी मुलं

'अनाथ' हा शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो. ज्याला नाथ नाही तो अनाथ, संपला विषय. पण गेले तीन-चार वीकेंड मी रुमानियातल्या अनाथाश्रमांचा इतिहास वाचतोय आणि तिथे हा शब्द लागूच पडत नाही. १९८९ साली त्या देशात एक लाखाच्या आसपास मुलं सरकारी संस्थांमध्ये होती, आणि त्यांतल्या बहुतेकांचे आई-बाप जिवंत होते. नाथही होता. अख्ख्या देशाचा धनी असलेला, 'तुमचं मूल तुमच्यापेक्षा आम्ही चांगलं सांभाळतो' असं छातीठोकपणे सांगणारा नाथ. म्हणजे सरकार.

(शनिवारी सकाळी चहाबरोबर वाचायला विषय जड आहे, मान्य. पण वाचा.)

सुरुवात १९६६ पासून करावी लागते. निकोलाय चाउशेस्कू सत्तेवर येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. देश मोठा करायचा तर माणसं हवीत, या हिशोबाने ऑक्टोबर १९६६ मध्ये ७७० क्रमांकाचा हुकूम निघाला आणि गर्भपातावर बंदी आली. चार मुलं असलेल्या किंवा पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायकांना, आणि आणखी मोजक्या कारणांसाठी, सूट होती. गर्भनिरोधक साधनं बाजारात जवळपास मिळेनाशी झाली. पंचविशीनंतर मूल नसेल तर जादा कर! १९६६ मध्ये देशात सुमारे पावणेतीन लाख मुलं जन्मली होती, १९६७ मध्ये सव्वापाच लाखांहून जास्त. एका वर्षात जवळपास दुप्पट. या पिढीला तिकडे 'हुकमाची मुलं' अशा अर्थाचं नावच पडलं.

मुलं आली, पण ती वाढवायला काय होतं? १९८० च्या दशकात चाउशेस्कूला परदेशी कर्ज फेडायचं वेड लागलं. अन्नधान्य निर्यात, घरात रेशन, हिवाळ्यात हीटर बंद, वीज बेताची. चौथं मूल पदरात असलेल्या कारखान्यातल्या बाईने ते सरकारी पाळणाघरात नेऊन ठेवलं, तर तिला आपण कोणत्या तोंडाने नावं ठेवणार? आणि मूल जन्मतःच अधू असेल तर प्रसूतिगृहातले डॉक्टरच सुचवायचे, घरी नेऊ नका.

आता खरा मुद्दा. १९७० च्या तिसऱ्या कायद्याने या मुलांची एक व्यवस्था लावून दिली होती. शून्य ते तीन वर्षं 'लेआगान', म्हणजे शब्दशः पाळणा. ही घरं आरोग्य खात्याकडे. तिसऱ्या वर्षी एक समिती मुलाला तपासणार आणि वर्गवारी करणार. ठीकठाक असेल तर शिक्षण खात्याच्या बालगृहात. थोडीफार सुधारणा शक्य असेल तर विशेष शाळा. आणि काहीच शक्य नाही असं समितीला वाटलं, तर 'इरेकुपेराबिल'. या शब्दाला नेमका मराठी प्रतिशब्द शोधत बसलो होतो, शेवटी 'दुरुस्त न होणारा' यावर थांबलो. या मुलांची रवानगी 'कामिन-स्पिताल' नावाच्या जागी व्हायची. नावात हॉस्पिटल, पण बऱ्याच ठिकाणी उपचार असे नव्हतेच. खातंही बदलायचं, ती मुलं कामगार खात्याकडे! म्हणजे कामाला उपयोगी नाहीत म्हणून कामगार खात्याच्या गोदामात.

आमच्या धंद्यात बग-ट्रॅकरवर एक शिक्का असतो, 'वोन्ट फिक्स'. दुरुस्त करता येणार नाही असा त्याचा अर्थ नसतो, 'करणार नाही' असा असतो. एकदा तो बसला की पुन्हा कोणी तो बग उघडून बघत नाही. मला हा शिक्का राहून राहून आठवत होता.

कोणाला बसायचा हा शिक्का? डाऊन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी वगैरे होतेच. पण तिरळे डोळे, फाटलेला ओठ, पोलिओने लुळा पडलेला एक पाय, एवढ्यावरही मुलं त्या गटात गेली. आणि बाकीची? तीन वर्षं छताकडे बघत पडलेलं मूल. एका आयाकडे एवढी मुलं, की बाटली उशीला टेकवून तोंडात द्यायची आणि पुढच्या पाळण्याकडे जायचं. असं मूल तिसऱ्या वर्षी बोलत नसेल, चालत नसेल, स्वतःशीच पुढे-मागे झुलत असेल, तर त्यात नवल काय? समिती त्याच्याकडे बघून लिहिणार 'मतिमंद'. ज्या व्यवस्थेने ते मूल तसं केलं, तीच व्यवस्था परीक्षा घेणार आणि तीच नापास करणार.

त्यात एड्स आला. अशक्त मुलांना ताकद यावी म्हणून थोडं थोडं रक्त टोचायची तिथे पद्धत होती. रक्ताची तपासणी नाही आणि सुया त्याच त्या. १९९० अखेर देशात नोंदलेल्या एड्सच्या रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्ण तेरा वर्षांखालची मुलं होती, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक सरकारी संस्थांतली.

डिसेंबर १९८९ मध्ये चाउशेस्कू गेला आणि कॅमेरे आत शिरले. चिगिद नावाच्या गावाजवळ जुन्या शिकारमहालात 'दुरुस्त न होणाऱ्या' मुलांचं घर होतं. १९८७ ते १९९० च्या दरम्यान तिथे शंभराहून जास्त मुलं मेली. जर्मन टीव्हीने ते दाखवलं, अमेरिकन टीव्हीने इतर घरं दाखवली. ट्रक भरभरून कपडे, औषधं आणि खेळणी आली. मूल दत्तक घेण्यासाठी पश्चिमेतून विमानं भरून माणसं आली.

कोणतं मूल घेतलं त्यांनी? दीड-दोन वर्षांत सुमारे दहा हजार मुलं देशाबाहेर गेली. त्यांतली बरीचशी त्या भयाण घरांमधली नव्हतीच. लहान, गुटगुटीत, निरोगी बाळ हवं म्हणून दलाल गरीब वस्त्यांमध्ये फिरायचे आणि थेट आईकडून सौदा करायचे. इतका बाजार माजला की जुलै १९९१ मध्ये सरकारला हे सगळं थांबवावं लागलं. टीव्हीवर ज्यांना बघून लोक रडले, ती मुलं बहुतेक जिथल्या तिथेच राहिली.

काही अपवाद झाले. इझिडोर रकेल हा त्यांतला एक. तान्हेपणी पोलिओ झाला, आई-बापांनी सोडलं, तिसऱ्या वर्षी शिक्का बसला आणि सिगेत गावच्या कामिन-स्पितालमध्ये त्याचं बालपण गेलं. १९९१ मध्ये अकराव्या वर्षी एका अमेरिकन कुटुंबाने त्याला नेलं. पुढे त्याने स्वतःचं आत्मचरित्र लिहिलं. म्हणजे 'दुरुस्त न होणारा' माणूस पुस्तक लिहितो! त्याने सांगितलेली एक आठवण माझ्या डोक्यातून जात नाही. संस्थेतल्या एका प्रेमळ आयाने एकदा त्याला आपल्या घरी नेलं होतं. बाहेर रस्ता असतो, घरात कुटुंब असतं, हे त्या मुलाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

नंतर आले शास्त्रज्ञ. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या तीन अमेरिकन संशोधकांनी २००० च्या सुमारास बुखारेस्टमध्ये एक अभ्यास सुरू केला. बालमानसशास्त्रात याचं नाव फार आदराने घेतात, आणि डेटाशी खेळणाऱ्या माणसाला त्याची मांडणी बघून आदर वाटतोच. सहा संस्थांमधली १३६ मुलं. चक्क चिठ्ठ्या टाकून त्यांतली अर्धी सांभाळकर्त्या कुटुंबांत पाठवली, अर्धी संस्थेत राहिली. (क्रूर वाटतं ना? पण त्या वेळी बुखारेस्टमध्ये अशी कुटुंबं जवळपास नव्हतीच. ती ५६ कुटुंबं या लोकांनीच उभी केली. शिवाय संस्थेतल्या मुलाला पुढे कुठे घर मिळालं तर त्याला अडवायचं नाही, असं ठरलेलं होतं.) साडेचार वर्षांच्या वयात बुद्ध्यंक मोजला. संस्थेत राहिलेल्यांची सरासरी ७३, कुटुंबात गेलेल्यांची ८१, आणि पहिल्यापासून आपल्या घरी वाढलेल्या मुलांची १०९. दोन वर्षांचं व्हायच्या आत जी मुलं कुटुंबात गेली ती जास्त सावरली.

म्हणजे तिसऱ्या वर्षी तपासणी करणारी ती समिती मुळात उशिरा यायची! ज्या काळात मूल सावरू शकलं असतं, तो संपल्यावर ती विचारणार, हे सावरेल का?

पण या अभ्यासातली एक ओळ सहज वाचून पुढे जाण्यासारखी आहे. सुरुवातीला १८७ मुलं तपासली होती. त्यांतली ५१ वगळली. कारणं वैद्यकीय: जनुकीय विकार, फार लहान डोकं, आईच्या दारूमुळे झालेलं नुकसान वगैरे. शास्त्र म्हणून हे बरोबरच आहे. संस्थेचा परिणाम मोजायचा असेल तर आधीपासूनचं अपंगत्व बाजूला काढावंच लागतं. मी असतो तर मीही तेच फिल्टर लावलं असतं. तरी पण त्या ५१ जणांचं काय झालं असेल, हे मनात येतंच.

कारण पुढे कायद्यानेही तेच फिल्टर लावलं. युरोपियन युनियनमध्ये जायचं म्हणून रुमानियाने झपाट्याने सुधारणा केल्या. १९९७ नंतर कारभार जिल्ह्यांकडे आला. मूल सांभाळणाऱ्या बाईला सरकारी नोकरीचा दर्जा मिळाला, महिन्याला पगार, आणि अपंग मूल घेतलं तर वर भत्ता. (मायेला पगार म्हटल्यावर आपल्याकडे काहीजण नाकं मुरडतील. मुरडोत. पाळण्यातल्या बाळाला त्याने काय फरक पडतो?) मग २००४ चा २७२ क्रमांकाचा कायदा. दोन वर्षांखालच्या मुलाला संस्थेत ठेवायचंच नाही. केवढं मोठं पाऊल! आणि त्याच कलमात अपवाद: तीव्र अपंगत्व असलेली मुलं सोडून.

दत्तक घेणाऱ्यांनी सोडलं, संशोधकांनी वगळलं, कायद्याने अपवाद केला. यांतला कोणी दुष्ट नव्हता. प्रत्येकाकडे कारण होतं, आणि कागदावर तपासलं तर पटणारं होतं.

व्हॅलेंटिन कंपेआनु याचा जन्म सप्टेंबर १९८५ चा. रोमा समाजातला, आईने जन्मतःच सोडलेला. तीव्र मतिमंदत्व आणि पाच वर्षांचा होईतो एचआयव्हीचं निदान. आयुष्य एका सरकारी घरातून दुसऱ्या सरकारी घरात गेलं. सप्टेंबर २००३ मध्ये तो अठरा वर्षांचा झाला आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला जिल्हा समितीने निर्णय दिला, याची जबाबदारी आता बालसंरक्षणाची नाही. कारण काय? वय अठरा पूर्ण, आणि कोणत्याही शिक्षणसंस्थेत नाव दाखल नाही. ज्याला स्वतःच्या हाताने जेवता येत नव्हतं, त्याला कॉलेजात नाव घातलं नाही म्हणून बाहेर काढलं. कंडिशन बरोबर, आउटपुट बघायला कोणीच नाही.

मग त्याला कोण घेणार यावरून टोलवाटोलवी. एचआयव्ही आहे म्हणून एक नको म्हणतो, आमच्याकडे सोय नाही म्हणून दुसरा. फेब्रुवारी २००४ मध्ये तो पोयाना मारे इथल्या मनोरुग्णालयात पोचला. २० फेब्रुवारीला 'सेंटर फॉर लीगल रिसोर्सेस' या संस्थेचे लोक तिथे पाहणीला गेले. व्हॅलेंटिन एका वेगळ्या खोलीत एकटा होता. हिवाळा, खोलीत हीटर नाही, पलंगावर अंथरूण-पांघरूण नाही, अंगात फक्त पायजम्याचा वरचा सदरा. संसर्गाच्या भीतीने कर्मचारी त्याला हात लावत नव्हते. त्याच संध्याकाळी तो गेला.

अठरा वर्षांची ही पायरी आपल्याकडेही आहे, हे इथे सांगायला हवं. अमरावती जिल्ह्यात वझ्झर इथे शंकरबाबा पापळकरांनी बेवारस अपंग मुलांना स्वतःचं नाव दिलं, त्यांचे बाप झाले, २०२४ मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली. आणि त्यांची वर्षानुवर्षांची मागणी काय? अशा मुलांना अठराव्या वर्षी बालगृहाबाहेर काढू नका, तसा कायदा करा.

असो. व्हॅलेंटिनकडे परत येतो. 'सेंटर'ने फिर्याद केली, सरकारी वकिलांनी ती फेटाळली. २००७ मध्ये एका न्यायालयाने चौकशी नीट करा म्हणून सांगितलं, २००८ मध्ये वरच्या न्यायालयाने ते उलटवलं. मग प्रकरण स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेलं. तिथे रुमानिया सरकारचा एक मुख्य युक्तिवाद असा होता: ही संस्था व्हॅलेंटिनची कोणीच लागत नाही. त्याने त्यांना वकीलपत्र दिलेलं नाही. नातेवाईक नाहीत, पालक नाहीत. मग तक्रार करणारे हे कोण?

न्यायालयाच्या १७ न्यायमूर्तींच्या पीठाने १७ जुलै २०१४ रोजी निकाल दिला. अठरा पूर्ण झाल्यावर या मुलाला कायदेशीर पालक नेमणं हे सरकारचंच काम होतं. ते सरकारने केलं नाही, आणि आता पालक नाही या मुद्द्यावर तक्रार बाद करा म्हणतं. हे चालणार नाही. ज्याचं कोणी नाही त्याच्या वतीने, तो मेल्यानंतर, वकीलपत्र नसतानाही ही संस्था दाद मागू शकते. त्याच्या जगण्याच्या हक्काचा भंग झाला, असं न्यायालयाने म्हटलं. तोपर्यंत व्हॅलेंटिनला जाऊन दहा वर्षं झाली होती.